लोकर गुंडाळायच्या लाकडी यंत्राचा पट्टा अर्ध्या गुंड्यावर घसरतो: कारणं आणि दुरुस्ती

लडीतली पहिली चाळीस-पन्नास ग्रॅम लोकर झकास गुंडाळली जाते. मग मूठ फिरते, मोठं चाक फिरतं, पण गुंडा अडखळतो किंवा थांबतोच. पट्टा ताणून बसवला की ती लड कशीबशी पार पडते आणि पुढच्या लडीला पुन्हा तेच. घरी बनवलेल्या यंत्रांची ही सगळ्यात चिवट तक्रार आहे. चिवट अशासाठी, की पट्टा घसरताना डोळ्यांना दिसतो आणि म्हणून सगळे त्याच्याच मागे लागतात. पट्टा बहुतेक वेळा निर्दोष असतो. कुठेतरी भार वाढलेला असतो आणि साखळीतला सगळ्यात कमजोर दुवा म्हणून पट्टा आधी हार मानतो. त्याला आणखी ताणलं, की चाक आणि फिरती बैठक (गुंडा जिच्यावर फिरतो तो भाग) एकमेकांकडे ओढली जातात, यंत्राखालचा पाट किंचित वाकतो, बेअरिंगवर तिरका दाब येतो आणि यंत्र पूर्वीपेक्षा जड फिरू लागतं.

अर्ध्यावरच का, याचं उत्तर साध्या हिशोबात आहे. खाली जी मापं देतो आहोत त्यात चातीची (ज्या दांड्यावर गुंडा तयार होतो त्याची) जाडी २८ मिमी आहे आणि १०० ग्रॅम लोकरीचा गुंडा पुरा होतो तेव्हा त्याचा व्यास १०० मिमीच्या आसपास असतो. लोकर तेवढ्याच ताणाने येत राहिली तरी ती आता साडेतीनपट मोठ्या त्रिज्येवर ओढते, म्हणजे गुंडा फिरवायला साडेतीनपट जोर लागतो. शिवाय वेगही वाढतो. सुरुवातीला मुठीच्या एका फेऱ्यात ५७ सेंमी लोकर खेचली जाते, शेवटी २ मीटर. लड ज्यावर चढवलेली असते त्या फाळक्याला तेवढ्या पटीने जोरात पळावं लागतं. हात मात्र त्याच लयीत फिरत असतो. त्यामुळे कुठलीही दुरुस्ती करण्याआधी एक लड अशी गुंडाळून पाहा, की गुंडा हाताच्या मुठीत मावेनासा झाला की फिरवण्याचा वेग निम्मा करायचा. काही यंत्रं एवढ्यानेच सुधारतात.

ही मापं गृहीत धरली आहेत

तुमच्या यंत्राची मापं वेगळी असतील तर प्रमाण बघा, आकडे नव्हे. मोठं चाक १८ मिमी प्लायवूडचं, खाचेच्या तळाशी २०० मिमी व्यासाचं. बैठकीखालची लहान पुली ५० मिमी. म्हणजे मुठीच्या एका फेऱ्याला बैठक चार वेळा फिरते. दोन्ही आसांमधलं अंतर २२० मिमी. पट्टा ५ मिमी जाडीचा गोल पॉलियुरेथेनचा. बैठक एका पक्क्या उभ्या एम-८ बोल्टभोवती दोन ६०८ बेअरिंगवर फिरते (आतलं भोक ८, बाहेरचा व्यास २२, जाडी ७ मिमी). बैठकीच्या एका बाजूला ब्रॅकेट, त्यात उभ्यापासून ३५ अंश कललेली २८ मिमी जाडीची चाती. चातीच्या खालच्या टोकाला ओ-रिंग (रबराचं गोल कडं) चढवलेली चकती, रिंगसकट व्यास ५५ मिमी. ही रिंग उभ्या बोल्टवर घट्ट बसवलेल्या, न फिरणाऱ्या ३४ मिमी चकतीच्या कडेवरून घरंगळत जाते आणि चातीला स्वतःभोवती फिरवते. चातीचा आस आणि उभ्या बोल्टचा आस जिथे एकमेकांना छेदतात तो बिंदू म्हणजे गुंड्याचा मध्य. त्या बिंदूपासून चातीची चकती चातीच्या रेषेत ६९ मिमी खाली येते आणि पक्की चकती सरळ उभ्या रेषेत ७२ मिमी खाली. या दोन मापांत २ मिमीचा फरक पडला तर रिंग कडेला नीट टेकत नाही.

आधी बघा, घसरतंय नेमकं कोण

लहान पुलीवर, बैठकीवर आणि चातीच्या चकतीवर पेन्सिलीने एकेक ठळक रेघ मारा. मोठ्या चाकावरही एक. आता यंत्र अडखळेपर्यंत गुंडाळा आणि अडखळल्यावर हळू फिरवत रेघांकडे बघा.

चाक फिरतंय पण पुलीची रेघ जागच्या जागी आहे: पट्टा घसरतो आहे. बैठक फिरते आहे पण चातीची चकती बैठकीच्या मानाने स्थिर आहे: ओ-रिंग घसरते आहे किंवा पक्की चकतीच सुटून बैठकीबरोबर फिरते आहे. या दुसऱ्या दोषाची खूण गुंड्यावरही उमटते. सगळी लोकर एकाच तिरक्या पट्ट्यात साचते आणि गुंड्याच्या दोन बाजू उघड्या राहतात. पुली फिरतेय आणि बैठक थांबली आहे असं दिसलं, तर पुली आणि बैठक यांच्यातला गोंद किंवा स्क्रू सुटला आहे. तो पुन्हा बसवा आणि बाकीचं वाचायची गरज नाही.

पट्टा घसरत असेल तर

पट्टा काढून टाका. होय, आधी काढा. पट्ट्याशिवाय बैठकीला बोटाने हलकी टिचकी मारा. मोकळी बैठक निदान आठ-दहा फेरे फिरून हळूहळू थांबायला हवी. दोन-तीन फेऱ्यांत थांबली तर भार इथेच आहे, आणि त्याची तीन नेहमीची ठिकाणं आहेत.

पहिलं, दोन बेअरिंगमधला आतला दुवा. वरचा नट आवळला की दोन्ही बेअरिंगच्या आतल्या कड्या एकमेकींकडे दाबल्या जातात. मध्ये आतल्या कडीइतकी बारीक नळी नसेल तर हा दाब गोळ्यांवर आडवा येतो आणि नट जितका घट्ट तितकी बैठक जड. नळीची लांबी दोन बेअरिंगमधल्या लाकडाच्या जाडीपेक्षा ०.२ ते ०.३ मिमी जास्त हवी, कमी कधीच नको. नट सैल करून बैठक एकदम मोकळी झाली तर दोष हाच आहे. नट सैल ठेवून चालवणं हा इलाज नव्हे, मग बैठक डुलते.

दुसरं, वॉशर. बाजारात मिळणारा साधा एम-८ वॉशर १६ मिमी व्यासाचा असतो. तो बेअरिंगच्या आतल्या कडीवर तर बसतोच, पण झाकणालाही घासतो. ६०८ ला बाहेरून १२ मिमीपेक्षा मोठा वॉशर लागू देऊ नका. ही चूक इतकी सर्रास आढळते, की बैठक जड असेल तर बाकी काही उघडण्याआधी वॉशरच बघावा.

तिसरं, लाकडातलं भोक. २२ मिमीचं भोक किंचित लहान पडलं आणि बेअरिंग हातोडीने ठोकून बसवली, तर बाहेरची कडी दबते. हवेत दमटपणा वाढला की लाकूड फुगून आणखी आवळतं, म्हणूनच काही यंत्रं फक्त काही महिने त्रास देतात. बेअरिंग अंगठ्याच्या जोराने आत जायला हवी. कडक असेल तर भोकाला १८० नंबरचा पॉलिश पेपर गोल दांड्यावर गुंडाळून फिरवा. सैल झालं तर कागदाची एक पट्टी लाकडाच्या गोंदात भिजवून आत लावा आणि बेअरिंग सरळ दाबून रात्रभर ठेवा. गोंद बेअरिंगच्या झाकणाकडे जाणार नाही इतकाच घ्या.

बैठक मोकळी फिरते, तरीही पट्टा घसरतो? मग फाळका तपासा. लोकरीचं टोक टेबलाच्या गुळगुळीत कडेवरून खाली सोडा आणि त्याला ३० ग्रॅमचं वजन बांधा. तेवढ्यावर फाळका फिरायला लागला पाहिजे. ६० ग्रॅमलाही हलत नसेल तर यंत्राला दोष देऊ नका. फाळक्याचा आस स्वच्छ करा, लाकडावर लाकूड फिरत असेल तर तिथे सुकं मेण चोळा (तेल नको) आणि लड दोन्ही बाजूंना सारखी पसरली आहे का ते बघा. एका बाजूला ढिली लड फाळक्याच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा झटका देते. पट्टा फाळक्याच्या प्रत्येक फेऱ्याला एकाच जागी घसरत असेल, तर बहुतेक वेळा तो झटका लडीतून येतो. लडीचे बांधलेले धागे सोडताना एखादा वेढा उलटा गेला असेल तरी हेच होतं.

एवढं करून झालं की मग पट्ट्याकडे या. वरच्या मापांना न ताणलेली लांबी ८५८ मिमी येते. पॉलियुरेथेनचा पट्टा त्याहून सुमारे ४ टक्के आखूड, म्हणजे ८२५ मिमी कापायचा. टोकं पट्ट्याच्या लांबीला काटकोनात कापून, तापलेल्या सपाट पात्यावर दोन्ही एकदम टेकवून वितळवायची, पातं बाजूला ओढून लगेच दाबून धरायची आणि पूर्ण थंड होईपर्यंत, पाचेक मिनिटं, हलवायची नाहीत. जोडाभोवती आलेला फुगवटा धारदार पातीने सपाट करा. तसाच राहिला तर पुलीवर चढताना दर वेळी उसळी मारतो. सुती दोरी वापरली असेल तर ती हवामानाप्रमाणे सैल-घट्ट होत राहणार. तिला पकड आणायला राळेची पूड चोळावी, मेण नव्हे. रबरबँडची माळ करून वापरण्याचा मोह टाळा. भार आला की ती लांबते आणि अचानक आखडते, आणि गुंड्यावर एक घट्ट थर, एक ढिला थर असं चालू राहतं.

खाच कशी आहे? गोल पट्टा खाचेच्या दोन उतरत्या भिंतींवर रुतून बसायला हवा, तळाला टेकता कामा नये. इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची खाच, दोन भिंतींमधला कोन ६० अंशांहून कमी. तळ गोल किंवा सपाट असेल तर पट्टा तळावर लोळतो आणि पकड जाते. यापेक्षा जास्त नुकसान पॉलिशमुळे होतं. सगळं यंत्र देखणं करायच्या नादात खाचेतही वार्निश मारलेलं असतं आणि मग पट्टा काचेवरून सरकावा तसा सरकतो. १२० नंबरचा पेपर दुमडून खाचेतलं वार्निश पूर्ण काढा आणि खाच कोरीच ठेवा.

मोठं चाक अखंड फळीतून कापलेलं असेल तर ते गोल राहिलेलं नाही हे धरून चाला. लाकूड रेषांच्या आडवं आकसतं-फुगतं, रेषांच्या दिशेने जवळजवळ नाहीच. २०० मिमीच्या चाकात दोन व्यासांमध्ये २ मिमीचा फरक सहज पडतो. पट्टा एका फेऱ्यात दोनदा घट्ट आणि दोनदा सैल होताना दिसेल. चाकाच्या कडेजवळ खिळ्याचं टोक रोवा आणि चाक फिरवून फट कशी बदलते ते बघा. कडेला पेपर लावलेला ठोकळा क्लॅम्पने टेकवून चाक त्याच्याच आसावर फिरवत राहिलं तर ते पुन्हा गोल होतं, पण वर्षभरात पुन्हा बिघडेल. चाक प्लायवूडचंच करावं, यावर आमचं दुमत नाही.

शेवटी वेढ्याचा कोन. २२० मिमी अंतरावर पट्टा लहान पुलीला सुमारे १४० अंश कवटाळतो. यंत्र आटोपशीर दिसावं म्हणून अंतर १५० केलं तर १२० अंशच उरतात आणि पकड बरीच कमी होते. पाट मोठा करायचा नसेल तर पट्ट्याला मध्ये पीळ देऊन इंग्रजी आठासारखा (8) फिरवा. २२० मिमीवर वेढा जवळपास २५० अंश होतो. पट्टा सुमारे ४५ मिमी जास्त लांब लागतो, बैठक उलट्या दिशेने फिरते (फरक पडत नाही) आणि फुलीच्या जागी पट्टा स्वतःला थोडा घासतो. हाताने चालवायच्या वेगाला ते चालतं.

रिंग घसरत असेल तर

पक्की चकती हातात धरून फिरवून बघा. हलली तर रिंगचा काही दोष नाही. ती चकती दोन नटांमध्ये आवळलेली असावी आणि वरचा नट नायलॉनचा लॉकनट असावा. साधा नट शंभर-दोनशे ग्रॅम लोकरीनंतर सुटतो.

चकती पक्की असेल तर रिंगला हात लावून बघा. चकचकीत, गुळगुळीत झालेली रिंग स्पिरिटने पुसून पुन्हा मंद करता येते. लोकरीतलं तेल आणि तंतू तिच्यावर बसतात, विशेषतः कमी धुतलेल्या लोकरीचे. रिंग आणि पक्की चकती यांच्यात कागदाची चिटोरी ठेवा आणि ओढा. ती अडकून यायला हवी. सहज निघाली तर पक्की चकती अर्ध्या मिमीच्या वॉशरने वर उचला. छेदबिंदू वर असल्यामुळे चातीची चकती खालच्या बाजूला बाहेर गेलेली असते. तिची आतली कड पक्क्या चकतीला चिकटवायची तर पक्की चकती वर घ्यायची. शंका असेल तर दोन्ही दिशांना अर्धा-अर्धा मिमी सरकवून कागदाची चाचणी पुन्हा घ्या. जास्त दाबही नको. रिंगला खड्डा पडतो आणि मूठ जड होते, म्हणजे पुन्हा पट्टा घसरतो.

गुंड्यावर चौकटी किंवा फटी दिसतात

हा भाग थोडा गणिताचा आहे, पण एकदा समजला की यंत्र कायमचं सुधारतं. बैठकीच्या एका फेऱ्यात लोकर गुंड्यावर एकदा खाली जाऊन वर येते. तेवढ्या वेळात गुंडा स्वतःभोवती १ अधिक ३४/५५, म्हणजे सुमारे १.६२ वेळा फिरतो. हा अपूर्णांक १/२ असता तर दर दोन फेऱ्यांनी लोकर तंतोतंत आधीच्या जागी येऊन पडली असती, १/३ किंवा २/३ असता तर दर तीन फेऱ्यांनी. मग वेढे एकमेकांवर चढतात आणि मधल्या जागा उघड्या राहतात. ३४ आणि ५५ या जोडीत वेढा जागच्या जागी परतायला ५५ फेरे लागतात, म्हणून गुंडा सगळीकडून भरतो.

आता गंमत बघा. ५ मिमी जाडीची रिंग झिजली आणि हाताशी होती म्हणून ३ मिमीची बसवली, तर व्यास ४ मिमीने घटून ५१ होतो. ३४/५१ म्हणजे बरोबर २/३. गुंड्याला तीन शिरा उमटतात आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही. रिंग बदलताना जाडी तीच ठेवा, किंवा नवा व्यास मोजून भागाकार करा. उत्तर १/२, १/३, २/३, ३/४ यांच्या दोन-तीन टक्के आसपास आलं तर जोडी बदला.

गुंड्याची उंची आणि आकार

उंची साधारण व्यास गुणिले कलाच्या कोनाचा टॅन्जन्ट इतकी येते. १०० मिमी व्यासाला ३० अंशांवर ५८ मिमी, ३५ वर ७०, ४० वर ८४. त्यामुळे सुरुवातीचे वेढे २८ मिमीच्या चातीवर फक्त २० मिमीच्या अरुंद पट्ट्यात पडतात. अनेकांना हा बिघाड वाटतो आणि ते लोकर हाताने वर-खाली सरकवत बसतात. काही करू नका, गुंडा जाडावेल तसा पट्टा रुंदावतो. ४० अंशांच्या पुढे मात्र कडेचे वेढे ढासळतात, रेशीम किंवा मर्सराइज्ड सूत असेल तर आधीच.

शंकूसारखा गुंडा येत असेल तर लोकर ज्या डोळ्यातून येते त्याची उंची चुकली आहे. डोळा छेदबिंदूच्या बरोबर उंचीला आणि त्यापासून २०० मिमीच्या आसपास हवा. तो खाली असेल तर लोकर चातीच्या पायथ्याशी गोळा होते आणि एखादा वेढा चकतीखाली जाऊन रिंगमध्ये गुरफटतो. अशा वेळी मूठ उलटी फिरवू नका, गाठ आणखी आवळते. पट्टा उतरवा, चाती वर काढा आणि वेढे सुटे करा. चातीच्या पायथ्याशी ८० मिमीची पातळ थाळी बसवली तर हा प्रसंगच येत नाही. थाळीची कड ३२० नंबरच्या पेपरने गोल करायची.

यंत्र थरथरत असेल तर पट्टा काढून ते आडवं ठेवा, बोल्ट जमिनीला समांतर. बैठकीची जड बाजू आपोआप खाली येते, ती बहुधा ब्रॅकेटचीच असते. समोरच्या बाजूला वॉशर स्क्रूने लावत जा, बैठक कुठल्याही स्थितीत थांबेपर्यंत. रिकाम्या यंत्राला थरथर नाही पण गुंडा मोठा झाल्यावर येते, असं असेल तर गुंड्याचा मध्य छेदबिंदूवर नाही. डोळ्याची उंची पुन्हा बघा.

गुंडा चातीवरून निघत नाही, किंवा निघाल्यावर मध्य कोसळतो

न निघणारा गुंडा जास्त ताणाने गुंडाळलेला असतो. चाती वरच्या टोकाला पायथ्यापेक्षा २ मिमी बारीक हवी आणि वार्निशवर मेणाचा हात हवा (इथे चालतो, पट्ट्याच्या खाचेत नाही). लोकर ताणून गुंडाळली की तिची लवचीकता तात्पुरती मरते. तशीच विणली तर वीण मोठी दिसते आणि पहिल्या धुण्यात कपडा आखडतो. बोटाने दाबल्यावर गुंड्यात खळगा पडून परत वर आला पाहिजे. दगडासारखा लागला तर तो त्याच यंत्रावर, फाळक्याऐवजी मोकळ्या टोपलीत ठेवून, दुसऱ्यांदा गुंडाळा. ताण बराच उतरतो.

मध्य कोसळण्याचं कारण उलटं: पहिले तीस-चाळीस वेढे ढिले. सुरुवातीला लोकर दोन बोटांतून हलक्या ताणाने सोडा आणि टोक चातीच्या वरच्या खाचेत (२ मिमी रुंद, १० मिमी खोल) अडकवताना १५ ते २० सेंमी बाहेर ठेवा. खाचेच्या करवतीच्या कडा खरखरीत असतील तर मोहेर आणि एकपदरी लोकर तिथेच तुटते.